हिलालअप्पांची याहीण

धानोऱ्याचे हिलालअप्पा शिंपी आपल्या मांजरीला अहो-जाहो करत. ती दारात आली की मशिनवरचे पाय थांबवून म्हणत, "या याहीण, बठा." याहीण म्हणजे अहिराणीतली विहीण. ती बसायची, पण नेमकी कुणाच्या तरी सदऱ्याच्या नव्या कापडावर. ती उठेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळत राही. अर्ध्या गावाच्या कपड्यांवर पांढरे केस दिसत, त्यावरून ते कुणी शिवले हे कळे.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या एक-दोन वर्षं आधी मी तिथे मास्तर होतो आणि अप्पांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. मांजर ही दूध पिऊन पसार होणारी जात, तिला माणसाची माया कसली, असं मी एकदा बोलून गेलो. अप्पांनी महिनाभर माझा लेंगा बेतायला घेतला नाही. मग दया येऊन त्यांनी मला शिकवायला घेतलं.

मांजर पोटावर चढून पुढचे पाय आळीपाळीने दाबते, ते म्हणजे "मन्हं माप ली ऱ्हायनी", माझं माप घेतेय. पायाला डोकं घासते तो रामराम. चपलेत मेलेला उंदीर ठेवते तो आहेर, आणि आहेर नाकारायचा नसतो. अप्पा तो शेपटीला धरून कपाळाला लावत, उकिरड्यावर टाकून येत आणि परतीचा आहेर म्हणून वाटीभर दूध ठेवत. एकदा उंदीर माझ्या चपलेत निघाला. मी बोंब ठोकली, तर अप्पांचा चेहरा पडला. आपला मान शेजारी गेला, असं त्यांना वाटलं.

सगळ्यात मोठी खूण डोळ्यांची. "माया दाटनी म्हंजे ती डोया अर्ध्या झाकस, गुरुजी. आपन बी झाकाना." मग दोघं समोरासमोर बसून सावकाश डोळे मिटत आणि उघडत. मला हसू आवरायचं नाही.

पण या थाटामागे खरी विहीण होती. अप्पांची एकुलती इंदू खांडबाऱ्याला दिलेली. लग्नात विहिणीची चोळी अप्पांनी नुसत्या नजरेच्या अंदाजाने शिवली, नजरेवर फार विश्वास म्हणून. ती चार बोटं ढिली झाली. मला पोतं समजले, म्हणून विहीणबाई भर मांडवात रुसल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. इंदू दोन आखाज्या आली नव्हती. न्यायला गेलेला पुतण्या दोन्ही वेळा रिकामा परतला. तेव्हापासून अप्पा मांजरीवर मानपानाचा हात बसवत होते.

तिसऱ्या वर्षी स्वतः निघाले. सोबतीला मला घेतलं. नंदुरबारहून गाडीने खांडबाऱ्याला जाईपर्यंत माफीची चार वाक्यं मी त्यांच्याकडून पाठ करून घेतली. विहीणबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. धिप्पाड बाई, दोन्ही हात कमरेवर. अप्पांची चारही वाक्यं पळाली. त्यांनी विहिणीकडे पाहिलं आणि सावकाश डोळे अर्धे मिटले. उघडले. पुन्हा मिटले.

भर गल्लीत विहिणीपुढे डोळे मिचकावणारा व्याही मी पहिल्यांदाच पाहत होतो. आता आम्हा दोघांनाही चोप बसणार, या हिशोबाने मी रस्त्याकडे सरकलो.

विहीणबाई खाली उतरल्या आणि अप्पांच्या तोंडाजवळ वाकल्या. त्यांचा आवाजच बदलला. "याही, तुमना डोया गयात का? तरीच ती चोयी ढिली व्हयनी. माले पहिलेच सांगाना ना."

अंधारात सुईत दोरा ओवायची पैज मारणारा माणूस तो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आत दाराआड उभ्या असलेल्या इंदूकडे.

"हां याहीण," अप्पा म्हणाले, "कमीच दिखस."

इंदू त्याच दिवशी आमच्याबरोबर निघाली. पंधरा दिवस राहिली. सकाळ-संध्याकाळ बापाच्या डोळ्यांत गुलाबपाणी घालायची, सुया ओवून ठेवायची. हा ठणठणीत माणूस तिच्या मांडीवर डोकं ठेवून निमूट पडायचा. चुलीवरची भाकर दिसत नाही म्हणून तिच्या हातून घासही खाल्लेला मी पाहिला. मला त्यांचा रागही आला आणि हेवाही वाटला.

मग जावई येऊन तिला घेऊन गेले. संध्याकाळी मी डोकावलो तेव्हा अप्पा मशिनवर होते. इंदूने ओवलेल्या सुया संपल्या असाव्यात. त्यांनी सुई-दोरा माझ्यापुढे धरला.

"आता पुरे की सोंग, अप्पा," मी म्हटलं. "इथे कोण बघतंय?"

"सोंग नई, गुरुजी. आज खरंच दिखत नई."

त्यांचे डोळे काठोकाठ भरले होते. मी दोरा ओवून दिला. मांजर उडी मारून त्यांच्या मांडीवर चढली आणि आळीपाळीने पाय दाबत त्यांचं माप घेऊ लागली.