तीन हजार नऊशे नव्व्याण्णव

युनिक्स या संगणकप्रणालीची घराणी ओळखणं म्हणजे जावईबापूंच्या डाव्या हातचा मळ! निदान ते तरी सगळ्यांना तसंच सांगत. "लिनक्स, बीएसडी, सिस्टिम फाइव्ह... पडद्याकडे नुसतं बघितलं की कूळ सांगतो!"

सासरे वाचनालयाच्या तळघरातला जुना सर्व्हर सांभाळत. सुरू केल्यापासून तो एकदाही बंद पडला नव्हता. रोज सकाळी ते भिंतीवरच्या फळ्यावर दिवसांचा आकडा लिहीत. आज ३९९९! उद्या चार हजार लिहायचे, यंत्र जावयाच्या हवाली करायचं आणि निवृत्त व्हायचं.

"ओळखा बघू याचं घराणं."

"लिनक्स! यात ओळखायचंय काय?"

"'युनेम' ही आज्ञा टाइप करा, यंत्र स्वतःच सांगेल."

"छे हो बाबा! मी काय नवशिका आहे?"

"बरं," म्हणून सासरे चहाला गेले.

तेवढ्यात वरून ग्रंथपाल बाईंचा फोन आला. लेबलं छापणारा प्रोग्रॅम अडकला होता.

"एवढंच ना? आत्ता मारतो!"

लिनक्समध्ये 'किलऑल' लिहून पुढे प्रोग्रॅमचं नाव दिलं, की तेवढाच प्रोग्रॅम मरतो. जावईबापूंनी रुबाबात तसं लिहिलं आणि बटण दाबलं.

पडदा मेला! त्यांनी कळफलक बडवला. काही नाही.

फोन पुन्हा खणखणला. "अहो, लेबलं राहू द्या, इथले सगळेच पडदे गेले! रांग दारापर्यंत आलीये!"

"मी... मी फक्त एकच मारला हो!"

सासरे कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"किलऑल?"

जावईबापूंनी मान डोलावली.

"हे सिस्टिम फाइव्हचं घराणं. इथे किलऑल म्हटलं की नावगाव न विचारता सगळ्यांचाच निकाल लागतो. आता मुळापासून सुरू करावं लागेल."

"चार हजार उद्याच होते ना, बाबा?" जावईबापूंना रडूच फुटायचं बाकी होतं.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. अकरा वर्षांचा आकडा त्यांनी ओल्या फडक्याने पुसला. मग फळ्यावर ठसठशीत '१' लिहून त्यांनी खडू जावयाच्या हातात दिला.

"मी उद्या निवृत्त होतोच आहे. तुम्ही चार हजार झाले की व्हा!"