क्रूसाच्या मागचा नंबर

रविवारी सकाळी नऊ वाजता महादेवराव झिलप्यांनी आपला मोबाइल टीपॉयच्या मधोमध ठेवला आणि घरात फर्मान काढलं, "याले कोनी हात लावायचा नाही."

कौसल्याबाईंनी त्या मोबाइलला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मागच्या रविवारी भिवापूरचे मिरची कांडपवाले चंपतराव आपल्या मुलाला, ऋषिकेशला घेऊन मेघाला पाहून गेले होते. मुलाला मुलगी आवडली, मुलीला मुलगा आवडला आणि तर्रीपोहे सगळ्यांनाच आवडले. "येत्या रविवारी अकराच्या आत फोन करतो," असं चंपतराव जाताना म्हणाले होते. आता त्या एका फोनवर सगळं घर टांगलेलं होतं.

मेघाची याआधीची दोन स्थळं हातची गेली होती आणि दोन्हीला कारण महादेवरावांचा संशय. पहिल्या ठिकाणी त्यांनी मुलाकडचा सोफा उलटा करून पाहिला आणि "आतून सारं प्लायवूड हाय" असं मुलाच्या आईला तोंडावर सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी मुलाची नोकरीची ऑर्डर उजेडात धरून शिक्का खरा आहे का ते तपासलं. अनोळखी नंबरावरून बोलणारा माणूस चोरच असतो, अशीही त्यांची पक्की समजूत होती.

"या खेपेले तोंड सांभाळा, मेघाचे बाबा," कौसल्याबाई म्हणाल्या. "पोरगी काही बोलत नाही, पन तिच्या मनात हे स्थळ हाय."

"मी काय बोलतो? मी तं फक्त इचारतो."

साडेनऊला फोन वाजला. नंबर अनोळखी.

"झिलपे फर्निचर का?" एका बाईचा दाटून आलेला आवाज.

"हो."

"भाऊ, पाहून रडूच आलं हो. कधी येऊन राहिला?"

"कोन?"

"येशू."

महादेवरावांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ठेवून दिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. या वेळी एक खर्जातला पुरुष होता.

"हे कोन करून राहिलं, आमाले सारं समजते. तुमच्या पाठीमागं कोन हाय?"

"पाठीमागं नाली हाय. काहून?"

"हुशारी करू नका. किती भेटले?"

तिसऱ्यानं दिवाणाचा भाव विचारला, पण लाकूड 'त्याईले लावलं तेच' पाहिजे म्हणाला. चौथा म्हणाला, "हा नंबर फ्रॉड हाय हे मले मालूम हाय. मी फक्त कन्फर्म करून राहिलो." महादेवरावांना हा चौथा त्यातल्या त्यात शहाणा वाटला. तेही तेच कन्फर्म करत होते. देवाच्या नावानं बोलण्यात गुंतवायचं आणि मग हळूच ओटीपी मागायचा, ही टोळीच असणार.

दहा वाजता समोरचे मारोतराव रस्ता ओलांडून आले. मारोतरावांचं प्लायवूडचं दुकान होतं, म्हणजे महादेवरावांच्या लेखी ते गुन्हेगारच होते. त्यांनी एक कोंबडाही पाळला होता. तो मालकासारखाच वेळकाळ न पाहता तोंड उघडायचा.

"चुपचाप सिनेमात ॲड देल्ली ना?" मारोतरावांनी डोळे बारीक केले. "शेजाऱ्याले सांगायचं नाही, असं ठरवलं होतं का?"

"कायची ॲड?"

मारोतरावांनी आपला मोबाइल पुढे धरला. येशूच्या क्रूसावरच्या मरणाचा एक सिनेमा गुड फ्रायडेला येणार होता आणि त्याचा ट्रेलर आज सकाळीच आला होता. काट्यांचा मुकुट, चाबूक, रडणारी आई. कौसल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मेघा श्वास रोखून पाहू लागली. मग क्रूस उभा राहिला. कॅमेरा हळूहळू फिरत त्याच्या मागे गेला. पलीकडे हजारभर माणसांचा आक्रोश, काळं आभाळ, आणि अलीकडे, लाकडावर, लाल रंगात ठसठशीत अक्षरं: झिलपे फर्निचर, सक्करदरा. घरपोच सेवा. त्याखाली मोबाइल नंबर.

गोष्ट खरी होती. डिसेंबरात उमरेड रोडवरच्या एका बंद खदानीत सिनेमावाल्यांचा तळ पडला होता. त्यांच्याकडचा जितेंद्र नावाचा पोरगा महादेवरावांकडे आला आणि म्हणाला, "काका, एक क्रूस पायजे. रफटफ चालन." रफटफ हा शब्द महादेवरावांना शिवीसारखा लागला. त्यांनी आठ दिवस खपून, अर्धी-अर्धी खाच मारून, एकही खिळा न वापरता, लाकडी खुंट्यांवर असा सांधा बसवला की हत्ती टांगला तरी कुरकुरणार नाही. आणि काम झाल्यावर नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला आपला छाप मारला. वडिलांची शिकवणच होती: समोरून वस्तू मालकाची, मागून कारागिराची. ज्या कामाला नाव टाकायची लाज वाटते, ते काम करूच नये. त्या घरातला पाट, पोळपाट, खिडकी, देव्हारा, सगळं उलटं केलं की झिलपे निघत.

"कितीत पडली?" मारोतरावांनी पुन्हा विचारलं.

महादेवरावांचं लक्ष नव्हतं. "मागं घे," ते म्हणाले. "अजून मागं. हं. पाह्य, सांधा पाह्य! एवढा मानूस टांगला, पन केसाइतका सरकला नाही." आयुष्यभर त्यांचं काम लोकांनी गादी टाकून झाकलं होतं. आज पहिल्यांदा सगळं जग ते पाहत होतं.

हा आनंद जेमतेम चार मिनिटं टिकला. जितेंद्रचा फोन आला.

"काका, मेलो! तुमचा नंबर ब्लर करायचा राहून गेला. डायरेक्टर साहेब इकडे कपडे फाडून राहिले. लोकं म्हनतात, येशूची चेष्टा केली. पन दुसरे लोकं म्हनतात, पैसे देऊन धर्मप्रचाराचा कावा हाय. आम्ही संध्याकाळपर्यंत नवीन ट्रेलर टाकतो. तोवर कोनीही फोन केला तं सांगा, मी झिलपे नाहीच. वकील येईन, पोलीस येईन, काही सांगता येत नाही."

'पोलीस' या शब्दानं महादेवरावांचा सांधा मात्र जागचा हलला.

तेवढ्यात दारात एक पांढऱ्या साडीतल्या, छत्रीवाल्या बाई उभ्या राहिल्या. "मी प्रेमिला टीचर. मिशनच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. पत्ता क्रूसावर होता, म्हणून आले."

महादेवराव एकदम उभे राहिले. "बाई, मी काही केलं नाही."

"केलंय की! आमच्या प्रभूच्या क्रूसावर एक पाटी होती हे खरं. पण ती डोक्याच्या वर होती आणि तीन भाषांत होती. तुमची खाली आहे, एकाच भाषेत आहे, आणि तिच्यात घरपोच सेवा लिहिलंय. हे तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून केलंत, तेवढं मला सांगा. मी इथेच बसते." असं म्हणून त्या खरंच बसल्या.

कौसल्याबाईंनी चहा ठेवला. घड्याळात सव्वाअकरा झाले होते आणि भिवापूरचा फोन अजून आलेला नव्हता. येणार कसा? दर मिनिटाला कोणी ना कोणी तो मोबाइल अडवून बसत होतं. तिकडे चंपतराव साडेनऊपासून सतरा वेळा लावून थकले होते. लाइन सतत बिझी. मुलीचा बाप ऐन निरोपाच्या दिवशी दोन तास कोणाशी बोलतो? दुसरं स्थळ तर पाहत नाही? संशय हा काही एकट्या महादेवरावांच्या मालकीचा नव्हता. शेवटी चंपतरावांनी साळ्याचा मोबाइल घेतला आणि त्यावरून नंबर फिरवला. तो नेमका लागला.

अनोळखी नंबर पाहून महादेवरावांनी घसा खाकरला.

"झिलपे बोलून राहिले का?"

"नाही. इथं कोनी झिलपे नाही."

"मेघाचे बाबा नाही का तुम्ही?"

टोळीला पोरीचं नाव कळलं होतं! "कोन मेघा? मले पोरगीच नाही!"

आतून पाण्याचा पेला घेऊन येणारी मेघा उंबऱ्यातच थबकली.

"अहो, पन सक्करदऱ्याले तुमचंच लाकडाचं काम—"

"मी जन्मात लाकडाले हात लावला नाही!"

बाहेर, भर उन्हात, मारोतरावांचा कोंबडा कर्कश आरवला. प्रेमिला टीचरनी चहाची बशी सावकाश खाली ठेवली.

पलीकडचा आवाज आता थंड झाला होता. "बरं. मंग आमचा भिवापूरचा निरोप कोनाले द्यायचा, तेवढं सांगा." आणि फोन बंद झाला.

महादेवरावांनी लगेच चंपतरावांचा नंबर लावला; बंद. आत्ता आलेला अनोळखी नंबर लावला, कोणी उचलेना. कौसल्याबाईंनी होकारासाठी वाटीत काढून ठेवलेली साखर परत डब्यात ओतली.

"तीनदा," प्रेमिला टीचर म्हणाल्या. "प्रभूला धरून नेलं त्या रात्री पेत्रानंही तीनदाच सांगितलं होतं, की मी या माणसाला ओळखत नाही. मग कोंबडा आरवला. पेत्र बाहेर जाऊन खूप रडला."

"त्यालेही पोलिसाचंच भेव होतं का?" महादेवरावांनी खालच्या आवाजात विचारलं.

"हो." बाईंचा सूर नरम झाला. "आणि तुम्हाला हे कोणी सांगितलं की नाही, देव जाणे. प्रभू स्वतः सुतार होते. तुम्ही आत्ता जे नाकारलंत ना, लाकडाला हात लावला नाही म्हणून, ते त्यांनी नसतं नाकारलं."

महादेवरावांनी मान वर करून मेघाकडे पाहिलं. तिनं पेला टीपॉयवर ठेवला आणि आत निघून गेली. साध्या पेल्याचा आवाज एवढा मोठा होतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पोरीची माफी मागायला ते तिच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत आले.

दीड वाजता दुकानासमोर एक जीप थांबली. आतून चंपतराव उतरले, त्यांच्यामागून ऋषिकेश आणि दांडगा साळा. मुलगी दाखवून मागाहून 'आम्हाला मुलगीच नाही' म्हणणाऱ्या लोकांबद्दल साळ्यानं वाटेत बरंच काही सांगितलेलं दिसत होतं. जीप पाहून गल्ली गोळा झाली. मारोतराव तर कोंबडा काखेत घेऊनच आले.

"आमाले फक्त एवढं पाह्यचं हाय," चंपतराव दारातूनच म्हणाले, "का मागच्या रविवारी आमी ज्याच्या घरी पोहे खाल्ले, तो मानूस कोन होता?"

"मीच होतो, चंपतराव! मीच झिलपे!"

"सकाळी नाही म्हनले."

"सकाळी मी घाबरलो होतो. हे पाहा." महादेवरावांनी पेला आणि मोबाइल बाजूला ठेवून टीपॉय उलटा केला. झिलपे. पाट उलटा केला. झिलपे. खुर्ची उलटी करायला गेले, तर तिच्यावर प्रेमिला टीचर होत्या.

"सामानावर कोनीही नाव टाकते," साळा म्हणाला. "मारून आनलेलं असन."

चंपतरावांनी थोडा विचार केला. मग आतल्या दारात उभ्या असलेल्या मेघाकडे वळून म्हणाले, "पोरी, तूच सांग. हे तुझे बाबा होय का?"

मेघानं वडिलांकडे पाहिलं. महादेवरावांच्या कपाळावर घाम फुटला. सकाळी आपण काय बोललो ते त्यांना आता शब्दागणिक आठवत होतं, आणि तिनं 'नाही' म्हटलं असतं तर ते मुकाट्यानं ऐकून घेणार होते.

"लवकर बोल गं बाई," प्रेमिला टीचर म्हणाल्या. "तो कोंबडा टपूनच बसलाय."

मारोतरावांनी कोंबड्याची चोच हातानं दाबून धरली.

"हो," मेघा म्हणाली. "माझेच बाबा हायेत. तुमी आधार कार्ड पाहा. दुनियेच्या मागं नाव टाकतात, माझ्या तं मधातच टाकलं हाय. मेघा महादेवराव झिलपे." मग तिनं ऋषिकेशकडे सरळ पाहिलं. "आनि लग्नानंतर मी ते काढनार नाही. चालत असन तं बसा, नाहीतं पानी पिऊन जा."

ऋषिकेश लगेच बसला. वडिलांच्या आधीच. चंपतराव मुलाकडे संशयानं पाहत राहिले, मग हसले आणि तेही बसले. "निरोप होकाराचाच होता," ते म्हणाले. "पन घेनारा भेटून नव्हता राहिला."

कौसल्याबाई साखर आणायला आत पळाल्या. महादेवरावांनी गमछ्यानं तोंड पुसलं. घामही पुसला आणि दुसरंही काही पुसलं. साळ्यानं तेवढ्यात पाट पुन्हा उलटा करून सांधा पाहून घेतला आणि मान डोलावली.

फोन वाजला. नंबर पुन्हा अनोळखी. सगळ्यांच्या नजरा महादेवरावांवर. त्यांनी मेघाकडे पाहिलं, फोन उचलला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हो, मीच झिलपे! मेघाचा बाप! क्रूस मीच बनवला! बोला!"

"काका, मी जितेंद्र! दुसऱ्याच्या फोनवरून करून राहिलो." पलीकडचा आवाज रडकुंडीला आला होता. "नाही म्हना म्हनून सांगतलं होतं ना तुमाले! मी आता एडिटिंगवाल्यापाशीच बसलो हाय. बोला, काय काय पुसू?"

महादेवरावांनी क्षणभर विचार केला.

"नंबर पूस गा," ते म्हणाले. "नाव राहू दे."