भांडणाची सोय

सगळी मराठी माणसं बोलता बोलता 'काही हरकत नाही' म्हणतात. आमचे टिपणीसकाका 'हरकत आहे' म्हणतात. आणि ती कसली आहे, हे समजावून सांगायला त्यांच्याकडे वेळच वेळ असतो.

आमची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. कंपनीने नोएडात ऑफिस उघडलं म्हणून मी पुण्याहून इकडे आले, गाझियाबादला एका सोसायटीत फ्लॅट भाड्याने घेतला आणि शेजारच्या दारावर मराठी आडनाव वाचून मला अगदी भरून आलं. लिफ्टमध्ये एक काटकुळे गृहस्थ मफलर गुंडाळून उभे होते. मी उत्साहाने म्हटलं, "नमस्कार काका. काय थंडी आहे ना!"

"हरकत आहे," ते म्हणाले. "याला थंडी म्हणत नाहीत. थंडी जानेवारीत पडते. तू पुण्याची का?"

"हो! कसं ओळखलंत?"

"पुण्याची माणसं कुठेही गेली की आधी तिथल्या हवेला नावं ठेवतात."

मी मनातल्या मनात त्यांना चार शिव्या दिल्या. नंतर कळलं की स्वारी स्वतःच मुळात पुण्याची.

काकांनी उभा जन्म केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ऑडिटमध्ये काढला. दुसऱ्यांनी मंजूर केलेल्या फायलींवर आक्षेप काढायचे, एवढंच काम. सरकारने त्यांना निवृत्त केलं, पण सवयीला कोण निवृत्त करणार? ते आक्षेप मग सोसायटीच्या वाट्याला आले. पार्किंग, दिवाळीची रोषणाई, जनरेटरचा आवाज, गेटवरच्या कुंड्यांचा रंग, कशालाही त्यांची हरकत असायची. आमच्या सोसायटीत 'एकमताने मंजूर' असं कधी काही झालंच नाही. माझे आईवडील आले तेव्हा मी त्यांना पानिपतला घेऊन गेले. काका आमच्याबरोबर आले आणि तिथल्या गाइडशी हुज्जत घालत बसले. आपण हरलो हे त्यांना मान्य नव्हतं. आपला अंदाज चुकला, इतकंच. तो बिचारा गाइड शेवटी म्हणाला, "चलो साहब, जैसा आप बोलो." काकांना त्याचाही राग आला. इतक्या लवकर माघार घेणाऱ्याने इतिहास सांगू नये, असं त्यांचं मत पडलं.

पण त्यांना खरी तोलामोलाची जोड घरातच होती. सुमनकाकू. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. पहिल्या आठवड्यात भिंतीपलीकडून त्यांचं भांडण ऐकून माझी तर झोपच उडाली. खिचडीतलं दाण्याचं कूट जाड हवं की बारीक, यावर एखाद्या नवराबायकोने घटस्फोटापर्यंत जाऊ नये असं मला वाटत होतं. मी घाबरून समोरच्या चड्ढा आंटींना विचारलं. त्या हसल्या. "अरे बेटा, ये लड़ाई थोड़े ही है. ये इनका रेडियो है. बंद हो जाए, तब घबराना."

त्यांचा फ्लॅटसुद्धा काकूंनी भांडून घेतलेला. यमुनेपलीकडे मोहरीच्या शेतांत बिल्डर लोकांचे तंबू पडायला लागले, सरकारी नोकरांना पहिल्यांदाच बँका दारात बोलावून कर्ज द्यायला लागल्या, तेव्हाची गोष्ट. काका म्हणाले, तिथे कोल्हे राहतील. काकू म्हणाल्या, "बरं झालं, तुम्हाला बोलायला कोणीतरी मिळेल." काकांच्या प्रत्येक वाक्याला त्यांच्याकडे असं उत्तर तयार असायचं. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याबद्दल एक चांगला शब्द उच्चारलेला मी ऐकला नाही. मला म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट धरला होता गं, मला माणूस दिसलाच नाही." यावर काका आतून ओरडायचे की अंतरपाट पातळ होता.

मग तो रेडिओ बंद झाला.

काकू विसरायला लागल्या आहेत, हे आम्हाला आधी कळलंच नाही. कळली ती शांतता. काका भिंतीपलीकडे काहीतरी बोलायचे, पुन्हा बोलायचे, आणि उत्तर यायचं नाही. पुढे दूध उतू जायला लागलं, गॅस तसाच राहायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. काकांनी त्या नावालाही हरकत घेतली, दुसरा डॉक्टर गाठला, त्यानेही तेच नाव घेतलं. बंगलोरहून त्यांची मुलगी मुक्ता यायची, रडायची, आईला सांभाळणारी एखादी चांगली जागा बघू या म्हणायची. काका ऐकून घ्यायचे नाहीत. मग एका सकाळी काका अंघोळीला गेले असताना काकू घराबाहेर पडल्या आणि हायवेच्या कडेला सापडल्या, अनवाणी, शाळेला उशीर झाला म्हणत. त्या दिवशी काका माझ्या दारात आले. म्हणाले, "वृंदा, तुला रविवारी वेळ आहे का? गाडी काढ. जागा बघायच्या आहेत."

पहिली जागा गुडगावला. संगमरवरी लॉबी, कारंजं, टाय लावलेला मॅनेजर. आपण म्हाताऱ्यांची सोय बघायला आलोय की कुणाच्या लग्नाचा हॉल, मला काही कळेना. मॅनेजरने सगळं हौसेने दाखवलं. पकडायला दांड्या असलेल्या न्हाणीघरांपासून ते विसरणाऱ्यांना आपली खोली सापडावी म्हणून लावलेल्या वेगवेगळ्या रंगांच्या दारांपर्यंत. एका मजल्यावर तर चक्क बसस्टॉप होता. पाटी, बाक, मागे भिंतीवर रंगवलेला रस्ता. घरी जायचंय असा हट्ट करणाऱ्यांना तिथे बसवतात, मग ते शांत होतात, असं मॅनेजर म्हणाला.

काका त्या बाकावर जाऊन बसले. "बस कब आएगी?"

मॅनेजर हसला. "सर, बस तो नहीं आती."

"मला हरकत आहे," काका मराठीतच म्हणाले. "माणसाला न येणाऱ्या बसची वाट बघायला लावायची?"

शेजारी बसलेले एक आजोबा प्रेमाने त्यांच्याकडे सरकले. "आएगी, आएगी," ते म्हणाले. "आप बैठिए तो सही." काका जरा वेळ खरंच बसून राहिले. मग त्यांनी मॅनेजरला आपला मुख्य प्रश्न विचारला. जेवणाची सोय कळली, डॉक्टरची सोय कळली, इथे भांडणाची सोय काय?

मॅनेजरला वाटलं, त्यांना तक्रारपेटी हवी आहे. मग नीट समजल्यावर तो अभिमानाने म्हणाला, "सर, हमारे यहाँ कोई बहस करता ही नहीं. स्टाफ पूरा ट्रेंड है. माताजी जो भी बोलें, बस हाँ जी, बिल्कुल जी."

"चला," काका मला म्हणाले.

पुढे कितीतरी रविवार काकूंना चड्ढा आंटींकडे बसवून आम्ही तेच करत होतो. एका ठिकाणी दिवसभर भजनं चालू होती. एका ठिकाणी सगळ्यांना चित्रं रंगवायला दिली होती आणि कुणी निळा घोडा रंगवला तरी 'वा वा' म्हणत होते. "घोडा निळा कसा, हे कोणी विचारायचं?" काका वैतागले. मीही वैतागले होते. सुट्टीचा दिवस, तो टोलनाक्यावरचा ट्रॅफिक, आणि शेजारी बसून प्रत्येक जागा फार गोड आहे म्हणून नापास करणारा हा माणूस. शेवटी गाडी बाजूला घेऊन मी म्हटलं, "काका, लोक अशा जागेत माया शोधतात. तुम्ही भांडण काय शोधताय?"

"तिच्याशी गोड बोललं ना, की ती 'अच्छा' म्हणते आणि बसून राहते," ते म्हणाले. "खोडून काढलं की तिच्या डोळ्यांत ती येते. परवा मी म्हटलं, गोदावरी कोकणातून वाहते. म्हणाली, तुमचं डोकं वाहतंय. तेवढा वेळ सुमन घरात होती गं. ह्या लोकांनी तिला नुसतं हाँ जी, हाँ जी केलं तर ती संपेल."

मग मी पुढच्या रविवारांबद्दल कुरकुर केली नाही.

नोएडाच्या पुढे, एक्सप्रेसवेजवळ एक साधीशी जागा होती. तिथल्या मुख्य सिस्टर कमलेश हरियाणाच्या, धिप्पाड. काका दारात पाऊल टाकतात न टाकतात तोच त्या गरजल्या, "ताऊ जी, जूते बाहर!" काका म्हणाले, बूट स्वच्छ आहेत. त्या म्हणाल्या, फरशी त्याहून स्वच्छ आहे. बराच वेळ दोघं बुटांवर भांडले आणि काकांना बूट काढावे लागले. मोजे घातलेल्या पायांनी ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. "भांडते चांगली!"

पण सिस्टर सरळ बाई होत्या. काकांना नेमकं काय हवंय ते कळल्यावर त्यांनी मान हलवली. "आपसे लड़ लूँगी, ताऊ जी. माता जी से नहीं. ये लोग घबरा जाते हैं. आप घरवाले हो, आपकी बात और है." खोटं आश्वासन न देणारी ती पहिली जागा होती. काकूंना तिथे ठेवलं.

काका रोज मेट्रोने आणि पुढे ई-रिक्षाने जायला लागले. जाताना मुद्दे ठरवून जायचे. संध्याकाळी मी विचारायची, "काय म्हणतात काकू?" आणि ते नुसता हात हलवायचे. जेवण अळणी आहे म्हटलं, अच्छा. मुक्ता तुझ्यासारखी हट्टी झाली म्हटलं, अच्छा. एकदा त्यांनी शेवटचा उपाय म्हणून सांगितलं की सूर्य पश्चिमेला उगवतो. भूगोल शिकवणाऱ्या काकू त्यालाही अच्छा म्हणाल्या. त्या आठवड्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा ठराव पहिल्यांदा एकमताने मंजूर झाला. सेक्रेटरी आनंदाऐवजी धास्तावला आणि त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "टिपणीस साहब की तबीयत तो ठीक है ना?"

थंडी ओसरत आली तेव्हा एका रविवारी मी काकांबरोबर गेले. काकू व्हरांड्यात उन्हात बसल्या होत्या, केस विंचरलेले, अंगावर स्वेटर. काका समोरच्या खुर्चीत बसले. काकूंनी त्यांच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि अदबीने विचारलं, "आपण कोण?"

काकांचा चेहरा पांढरा पडला. पण ते सावरून म्हणाले, "सहज आलो होतो. इथे कुणाला भेटायला."

"अच्छा. बसा हं. आमचे हे येणार आहेत एवढ्यात."

"कोण, टिपणीस?" काका कडवटपणे म्हणाले. ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. "त्यांची कसली वाट बघता? तिरसट माणूस. बायकोला आयुष्यभर सुखाने दोन घास खाऊ दिले नाहीत."

काकूंची मान वर झाली.

"कोण म्हणतं असं?"

"सगळे म्हणतात. मी ओळखतो ना त्यांना. एक नंबरचा विक्षिप्त."

"तुम्ही ओळखता?" तो जुना, भिंतीतून ऐकू यायचा तोच आवाज. "काय ओळखता हो तुम्ही? माझी आई दवाखान्यात होती तेव्हा हा माणूस रात्रभर बाहेर पायरीवर बसून होता. डिसेंबरात! मी पेपर तपासत बसायचे तेव्हा पोळ्या कोण करायचं? वाकड्या करायचे, पण करायचे. तुम्ही कधी केल्यात?"

"पण भांडखोर आहेत, हे तर तुम्हीही म्हणत असाल."

"मी म्हणेन!" काकू खुर्चीचे हात धरून उठून उभ्या राहिल्या. "मी शंभरदा म्हणेन. तुम्ही म्हणायचं नाही. उठा! उठा इथून!"

सिस्टर कमलेश धावत आल्या. काकूंनी त्यांना बजावलं, "सिस्टर, इनको चाय मत देना." आणि मग थरथरत, पण अगदी ताठ मानेने त्या पुन्हा खाली बसल्या. त्या घाबरल्या नव्हत्या. त्यांच्या गालांवर रंग आला होता.

काका मुकाट्याने उठून बागेकडे आले. मी त्यांच्या मागे गेले. ते रुमालाने डोळे पुसत होते आणि हसतही होते, दोन्ही एकदम. "आईच्या वेळचं तिच्या लक्षात आहे," ते म्हणाले. "मला वाटायचं, तिला ते कधी दिसलंच नाही. पायरीवर गारठलो होतो म्हणून वर आणि ओरडली होती माझ्यावर."

घरी परतताना नोएडा मागे पडलं. काका एकदम सीटवर सावरून बसले.

"वृंदा, उद्यासाठी काहीतरी लागेल. आजचं उद्या चालायचं नाही. तू इतकी वर्षं शेजारी आहेस. माझ्यात आणखी काय काय वाईट आहे, सांग बघू. अगदी मनापासून सांग."

मग मी संकोचत म्हटलं, तुम्ही कुणाचं पूर्ण ऐकून घेत नाही. चांगलं आहे, म्हणाले. चिकट आहात. चालेल. मुक्ताला कधी शाबास म्हटलं नाहीत. यावर त्यांनी मान हलवली. "ते नको. त्यात ती माझी बाजू घेणार नाही. दुसरं सांग."

मी दुसरं सांगितलं, तिसरं सांगितलं. पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या, आणि आपल्याबद्दलचं एकेक वाईट वाक्य टिपणीसकाका पुटपुटत पाठ करत होते.