शेठसाठी मांडलेली खुर्ची

घरात भाकरी करपली तर गोविंददा शेलार बायकोवर ओरडत नसे. तो बैठक बोलावी. बैठकीला तो आणि वहिनी, दोघंच. वहिनी म्हणे, "करपली हाय. खावा." गोविंददा समाधानानं मान हलवी. "ठीक. बोलणी झाली."

पूर्वी तो मुंबईला गिरणीत होता. तिथं मोठा संप झाला, लांबला, आणि मोडला. बाकीचे खाली मान घालून कामावर गेले. हा महाडला येऊन धक्क्यावर पोती वाहू लागला. त्याची तक्रार एकच. "साह्यबानं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं रे विठू. पन त्यो भेटलाच नाय."

मी पेठेतला न्हावी. दुकान शेठच्या तांदळाच्या गोदामासमोर; धक्क्यावरचे हमाल त्यांचीच पोती वाहत. त्या वैशाखात नदीत लागलेल्या पडावातून तांदूळ उतरवताना फळी सरकली आणि सखाराम हमाल पोत्याखाली सापडला. त्याची पाठ गेली. शेठनं त्याला घरी बसवलं. हमालांनी दोन गोष्टी मागितल्या. सखारामला झेपेल ते काम द्या, आणि मोठं पोतं दोघांना उचलू द्या. शेठचा निरोप आला, "मी हमालांशी बोलत नाही." काम थांबलं.

दुसऱ्या दिवशी गोविंददा माझ्याकडे आला नि दुकानातली एकुलती खुर्ची मागून घेऊन गेला. गोदामाच्या दारात मांडली, पंच्यानं पुसली. "शेठ बोलाया येतील. त्यांना उभं कसं ठेवायचं?"

शेठ आले नाहीत. माझी गिऱ्हाइकं मात्र संप मिटेपर्यंत पाटावर बसून दाढी करून घेत होती.

शेठची दाढी मी त्यांच्या घरी जाऊन करी. वस्तरा गळ्याशी असताना मी म्हटलं, "शेठ, एकदा भेटून तर बघा." त्यांनी वस्तरा बाजूला होईपर्यंत वाट पाहिली, मग म्हणाले, "आज भेटलो तर उद्या ते घरात येतील. तू मिशी बघ."

मग शेठनं वरंधकडून नवी माणसं आणवली. हमाल लाठ्या शोधू लागले. गोविंददानं त्या माणसांना सावलीत बसवलं, गूळपाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "मंग शेट बोलत का नाय?"

"त्येच इचारतोय आमी."

म्हातारा उठला. "चला रं. पाठी आपल्याला पन हायत." ते आल्या वाटेनं परत गेले.

आभाळ भरून येऊ लागलं. पडावातला तांदूळ तसाच होता. अखेर मुनीम बाहेर आला आणि माझ्या दुकानाच्या पाटीकडे बघत म्हणाला, "शेठ काही बोललेले नाहीत. पण सखारामनं उद्यापासून गोदामाची राखण करावी आणि मोठं पोतं दोघांनी उचलावं, असं माझ्या कानावर आलंय."

हमालांनी गुलाल उधळला. गोविंददा तेवढा खुर्चीकडे गेला. ती माझ्या दुकानात परत आणून तो स्वतःच तिच्यात बसला. मी साबण लावला.

"आमचा पोरगा, बाळू," तो एकाएकी म्हणाला, "गिरनीच्या संपात मागल्या दारानं कामाला गेला. त्याची बायको बाळंत व्हायची होती. तवापास्नं मी त्याच्याशी बोललो नाय. त्यानं दोनदा मानूस धाडला. दोन्ही येळा मी परसात जाऊन बसलो."

मी उचललेला वस्तरा तसाच राहिला.

"कर की दाढी," तो म्हणाला. "नीट कर. मुंबईला जायाचं हाय."

पावसाआधीची शेवटची लाँच दासगाव बंदरातून सुटायची होती. पोचवायला मी गेलो. गोविंददाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फणस.

"दोन कशाला?"

"एक कापा, एक बरका. पोराला कुठला आवडायचा त्ये आठवंना."

"वहिनींना विचारायचं."

"इचारलं की. ती रडाया लागली, सांगंना." तो खांदे सावरत फळीवर चढला. "ऱ्हाऊ दे. जड नाय."