स्लॅबवाल्याची चौकशी

रायपूर राजधानी झालं आणि ज्याच्याकडे घमेलं होतं तो प्रत्येक माणूस ठेकेदार झाला. सरकारी इमारती भराभर उठल्या, लोकांची घरं मात्र अर्धवट पडली. आमच्या शेजारच्या नानांच्या छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, ठेकेदाराने उन्हाळ्यात उतरवले आणि तो जो सरकारी कामावर गेला, तो दिवाळीलाच दिसला. नानांनी अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली काढला.

यंदा आमचेही कवेलू काढून स्लॅब टाकायचा होता.

"आपली नानासारखी गत नको," वनमाला, म्हणजे आमची बायको, म्हणाली.

"तू फिकर करू नको. माणसं ओळखाचं काम माह्यावर सोड."

यात काडीची बढाई नव्हती! थोरल्या अनुश्रीसाठी मुलगा मीच शोधला, आणि तसा जावई अख्ख्या ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, कोणाला मिळालेला नाही. ज्या पद्धतीने जावई मिळतो, त्याच पद्धतीने ठेकेदार का मिळू नये?

पद्धत सोपी आहे. ज्याची चौकशी करायची त्याला भेटायचंच नाही. त्याच्या पाऱ्यात जाऊन किराणावाल्याला, शेजाऱ्यांना, देवळातल्या पुजाऱ्याला विचारायचं आणि कशासाठी विचारतोय ते मरेपर्यंत सांगायचं नाही. सांगितलं की लोक गोड बोलू लागतात.

पुरानी बस्तीतल्या विनायकचं नाव कानावर होतं. तरुण ठेकेदार, आपल्या मराठी लोकांतलाच. मी सगळीकडे फिरलो. पितो का? रात्री वेळेवर घरी येतो का? आईचं ऐकतो का? हाती घेतलेलं अर्ध्यावर सोडतो का?

किराणावाला म्हणाला, "लड़का हीरा है, भैया. पर बात क्या है?"

मी नुसता हसलो. "रविवारी आमचं घर पाहायला पाठवा," एवढंच सांगून छाती फुगवून परत आलो.

रविवारी विनायक आला. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. मागून त्याची आई सत्यभामाबाई, दोन मावश्या आणि पेढ्यांचा डबा. कामाआधी पेढे आणणारा ठेकेदार! मी वनमालाकडे विजयी नजरेने पाहिलं. फक्त एक गोष्ट खटकली. छत पाहायला आलेला हा माणूस मघापासून फरशीच पाहत होता.

"पोट्टीले बोलवा," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"कोणाले?"

"राधिकाले. तुमची धाकटी लग्नाची हाय, हे साऱ्या मराठी लोकायले ठाऊक हाय."

आतून राधिकाचा आवाज आला, "मम्मी, पापा ने छत के चक्कर में मेरी शादी लगा दी क्या? मैं बाहर नहीं आ रही."

मी हात जोडले. सगळी चौकशी स्लॅबसाठी होती, हे सांगून टाकलं.

"स्लॅबसाठी?" सत्यभामाबाईंनी पेढ्यांचा डबा स्वतःकडे ओढला. "मंग पोट्टा आईचं ऐकते का, हे काहून विचारलं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी धीर करून म्हणालो, "आता आलेच आहात तर काम घेऊन टाका, विनायकराव. तुमच्याबद्दल लई चांगलं ऐकलं."

विनायकने पहिल्यांदा मान वर केली. "नाही जमणार, काका. आम्ही बी तुमची चौकशी केली. तुमचा रंगवाला भेटला होता. तुम्ही दिवसभर शिडीखाली उभे राहून त्याले सल्ले देत होते. तो ब्रश टाकून पळाला म्हणे. मी नाही येणार."

"हे ऐकूनही मुलगी पाहायला आलात?" वनमालाने विचारलं.

"सासरा म्हणून चालून जाते," सत्यभामाबाई उठता उठता म्हणाल्या. "सासऱ्याच्या घरी सणावारालेच जा लागते. गिऱ्हाईक म्हणून हा माणूस नको, बाई."

आता पाऊस लागला आहे. वनमाला स्वयंपाकघरात बादली या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवते आणि माझ्याशी बोलत नाही. नाना मात्र रोज आठवणीने चौकशी करून जातात. पण मी छातीठोकपणे सांगतो, माझी पारख चुकलेली नाही. या अख्ख्या राजधानीत शब्दाला इतका पक्का ठेकेदार दुसरा दाखवा! येणार नाही म्हणाला, आणि खरंच आला नाही.