मे महिन्यातला हीटर

सुनेत्राने कपाटातून स्वेटर काढला, तोही मे महिन्यात, कुवेतमध्ये. खाली बनेद अल-गारचा रस्ता तव्यासारखा तापला होता आणि इथे सातव्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये तिचे दात वाजत होते. ती तणतणत हॉलमध्ये आली, तर नवरा बनियनवर बसून घाम पुसत होता. शेजारी त्याची ती कुंडी. कुंडीला सुनेत्राची शाल गुंडाळलेली आणि पुढ्यात लालभडक पेटलेला हीटर.

"अहो, हे काय?"

"हीटर."

"दिसतंय मला. बाहेर सत्तेचाळीस डिग्री आहे!"

"बाहेर सत्तेचाळीस, घरात एकोणीस. वेल कुठे आहे? घरात." अरुणकुमार बँकेत ऑडिट करायचा. त्याच्याशी वाद घालताना दर वेळी आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायचं. "म्हणजे वेलाच्या दृष्टीने हा थंड प्रदेश. थंड प्रदेशात कुंडी उबदार ठेवावी लागते. ते कॅनडातले आजोबा व्हिडिओत तसंच सांगतात."

वेल पॅशन फ्रूटचा होता. आपल्या कृष्णकमळाचा भाऊच म्हणा. अरुणकुमारने तो कुवेतच्या राई भागातल्या नर्सरीतून आणला. बाल्कनीत करपेल म्हणून घरात घेतला. घरात तो पडद्याच्या दांडीवर चढला, पुस्तकांच्या कपाटावरून गेला आणि छतातल्या एसीच्या झाकणाशी जाऊन थांबला. फुलं आली. पण बंद घरात मधमाशी कुठून यायची? मधमाशीचं काम अरुणकुमारने सुनेत्राच्या मेकअपच्या ब्रशने केलं. एवढं करून फळ धरलं एकच. ते आता एसीच्या झाकणाखाली लोंबत जांभळं होऊ लागलं होतं, आणि घरातल्या माणसांनी त्याच्याखालून वाकून जायचं होतं.

"हे बघा," सुनेत्रा म्हणाली, "पाच वाजता माझ्या मराठी वर्गाचे पालक येणार आहेत. त्याच्या आत हे सगळं हललं पाहिजे."

तिच्या दृष्टीने आजचा शुक्रवार परीक्षेचा होता. वर्षभर आठ मुलांना तिने मराठी शिकवलं. मुलांना कळायचं सगळं, पण उत्तर यायचं, "येस, आंटी." खालच्या मजल्यावरच्या बिल्कीसची इक्रा तर तेवढंही बोलत नसे. शेवटी पालकांनी गोड शब्दांत सांगून टाकलं होतं: आजही मुलं मराठीत बोलली नाहीत, तर सुट्टीनंतर शुक्रवारी पोहण्याचा क्लास.

पण हीटरच्या बरोबर वर भिंतीवर एसीचा थर्मोस्टॅट होता. त्या बिचाऱ्याला वाटलं, सगळं घरच पेटलंय. एसी जीव तोडून धावत राहिला. बेडरूमचं शीतघर झालं, वरच्या पाइपांवर बर्फ धरला आणि दुपारी एसीने एक लांब उसासा टाकून मान टाकली. मग बर्फ वितळला. पाणी झाकणातून हॉलमध्ये आणि हॉलमधून खाली बिल्कीसच्या घरात गेलं.

"सुनेत्राताई, आमच्या सोफ्यावर पाऊस पडतोय!" बिल्कीस धापा टाकत वर आली. मागून शिडी घेऊन तिचा नवरा हुसेन. त्याचं राईला एसी दुरुस्तीचं दुकान होतं, एवढंच काय ते नशीब.

हुसेनने वर पाहिलं. झाकणाभोवती वेलाने घट्ट मिठी मारली होती.

"कापा," सुनेत्रा म्हणाली.

"हुसेनभाई, कापू नका!" अरुणकुमार आडवा झाला.

"वैनी, फल धरलाय ओ यानं," हुसेन हळवा होऊन म्हणाला. "मी नाय कापायचो. माज्या आयला कललं, तर ती रत्नागिरीवरना फोन करून शिव्या घालील."

मग एकेक तणावा सोडवणं सुरू झालं. हुसेन शिडीवर, अरुणकुमार स्टुलावर आणि सुनेत्रा दोन्ही हात वर करून वेल तोलत उभी.

"डावीकडे घे. हळू! देठ सांभाळ!"

"बाळंतपण चाललंय का इथे? माझे हात गळून पडतील आता!"

"बोलू नकोस गं, हलतो तो."

पाचाच्या जरा आधी एसी सुरू झाला. सुनेत्राने हीटर बाथरूममध्ये कोंडला. वेल मात्र परत गुंडाळायला वेळ नव्हता. तो दांडीवरून समोरच्या कपाटापर्यंत मांडवासारखा ताणून ठेवला, आणि मुलं त्याच्याखाली बसली.

पहिला मुलगा दुसऱ्याच ओळीला अडला. दुसऱ्याने अख्खी कविता एका श्वासात म्हटली आणि विचारलं, "कॅन आय गो नाऊ?" पालक मोबाइल काढू लागले. एक आई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. त्यातला 'स्विमिंग' हा शब्द सुनेत्राला स्पष्ट ऐकू आला.

इक्राची पाळी आली. ती उभीच राहिली नाही.

"बोल बाळा. एकच ओळ."

इक्राने मान खाली घातली. सुनेत्राने डोळे मिटून घेतले.

टप्!

पॅशन फ्रूट पिकलं की आपणहून गळतं. कॅनडातल्या आजोबांनी हे सांगितलं होतं, पण व्हिडिओच्या शेवटी, आणि अरुणकुमार हीटरपाशीच थांबला होता. फळ इक्राच्या मांडीत पडलं. अरुणकुमार खुर्चीतून उठेपर्यंत तिने ते कचकन चावलंही.

तिचा चेहरा चुरगळलेल्या कागदासारखा झाला.

"आये गो! कवरा आंबट हाय! माजं दात आंबलं! पानी दे गो, पानी!"

मुलांनी तिच्यावर झडपच घातली.

"मला बघू!"

"मलापण दे ना थोडं!"

"ए, बी गिळू नको, पोटात झाड येईल!"

पालक उभं राहून टाळ्या वाजवू लागले. पोहण्याच्या क्लासवाली आई सर्वांत पुढे होती. "किती नॅचरल बोलतात हो! नाटकही बसवता का तुम्ही?"

बिल्कीस डोळे विस्फारून बघत होती. "हे कुठे शिकली ही? आम्ही तर घरी मुद्दाम इंग्लिशच बोलतो तिच्याशी."

रोज संध्याकाळी आजीचा फोन इक्राच्या कानाला लावून देणारा हुसेन एकदम वर बघून एसीची हवा तपासू लागला.

'दात आंबणं' आपल्या पुस्तकात कुठेच नाही, हे सुनेत्राला पक्कं ठाऊक होतं.

"धीर धरला की येतं हळूहळू," ती विनयाने म्हणाली.

पाहुणे गेले. अरुणकुमार सालीच्या तुकड्याला चिकटलेल्या बिया चमच्याने खरवडत बसला होता.

"एकच होतं गं," तो म्हणाला. "आणि मला चवसुद्धा कळली नाही."

सुनेत्रा चपला घालू लागली.

"आता कुठे निघालीस?"

"राईला. नर्सरी बंद व्हायच्या आत अजून दोन वेल घेऊन येऊ. उठा. वर्गातल्या सात मुलांचे दात अजून आंबायचे राहिलेत."