बरणीतली आसरा

शेजारी विरजणाला दही मागतात, भाजीला कोथिंबीर मागतात. आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरचे परबकाका वाटी घेऊन दारात येतात आणि विचारतात, "वैशू, डासांची पोरां आसत काय गो?"

पहिल्यांदा मी दारच लावून घेतलं होतं. आता मुकाट्याने मनी प्लांटची बाटली पुढे करते. तिच्यात अळ्या वळवळताना दिसल्या की काकांचा चेहरा उजळतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

अळ्या हव्या असतात बरणीसाठी. लोणच्याच्या काचेच्या बरणीत काका चतुर पाळतात. उडणारा नव्हे. पंख फुटायच्या आधी पाण्यात राहतो तो, चिखलाच्या रंगाचा किडा. बागेतल्या माळ्याला चहा पाजून कमळाच्या हौदातून तो आणायचा. काका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. औषधात बुडवलेले मेलेले जीव पुसायचे आणि त्यांना लेबलं लावायची, हीच नोकरी. लग्न केलं नाही, घरात एकटेच, तरी मिठाच्या डब्यावर 'मीठ' आणि खुंटीवर 'छत्री' अशी लेबलं आहेत. कुणी जरा ठासून बोललं की म्हणतात, "लेबल बघून बोल!"

निवृत्त होताना तिथल्या सरांनी त्यांना ग्रीक कथांचं चित्रांचं पुस्तक दिलं आणि सांगितलं, की या पाणकिड्याला इंग्रजीत निम्फ म्हणतात, आणि ग्रीक लोक झऱ्यातल्या देवींनाही निम्फच म्हणायचे. तेव्हापासून काका एकदा चित्राकडे बघतात, एकदा बरणीकडे. चित्रातली निम्फ केस मोकळे सोडून झऱ्यात पाय बुडवून बसलेली. बरणीतली निम्फ जबडा फेकून अळी मटकावते आणि बुडाने श्वास घेते.

"हिच्यात देवी कोणाक दिसली असतली गो?" काका मनापासून विचारतात.

गॅलरीच्या टोकाला राहणाऱ्या इंदूआजींना मात्र यात काहीच नवल वाटलं नाही. "अहो, आपल्या साती आसराच त्या. विहिरीतल्या देवी. विहिरी बुजवल्या, मग बिचाऱ्या जाणार कुठे? माझं पिंप रोज कोण भरतं? त्याच."

आजींनी उमेदीत गिरणी कामगारांची खाणावळ चालवली. आता कंबरेत वाकल्या आहेत, पण कुणी पिशवी धरायला गेलं तर हात झटकतात. त्यांचं दाराबाहेरचं पिंप मात्र रोज उजाडेपर्यंत भरलेलं असतं. त्या झाकणावर आसरांसाठी गूळखोबऱ्याची वाटी ठेवतात. ती रिकामी होते. मी म्हणायचे, उंदीर असतील.

काकांना एकच ध्यास होता. किड्याची पाठ उकलून आतून चतुर बाहेर येतो, ते डोळ्यांनी बघायचं. सहा वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. हे व्हायचं नेमकं पहाटे, तळमजल्याच्या नळाला पाणी यायच्या वेळी. काका पाण्याच्या खेपा करून परत येईपर्यंत बरणीत उभ्या केलेल्या झाडूच्या हिरावर नुसती कात उरलेली. मी म्हटलं, मोबाईलवर शूटिंग लावा. म्हणाले, "मागाहून बघूचा तर कॉलेजातले मेलेले जीव काय वायट होते?" आमच्याकडे मोटर असल्याने त्या वेळी मी गाढ झोपेत. एकट्या माणसाला एवढं पाणी लागतं कशाला, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

गेल्या एप्रिलमध्ये किड्याने दोन दिवस अळ्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. ही खूण होती. काकांनी मला पहाटे उठवून बरणीसमोर बसवलं. "पाठ उकलाक लागली की हाक मार."

पाऊण तासाने किडा हिरावर चढला आणि त्याच्या पाठीवर बारीक रेघ उमटली. मी जिन्याकडे धावले. काका दोन्ही हातांत कळश्या घेऊन, एक पाय ओढत वर येत होते. स्वतःच्या दारावरून ते सरळ पुढे गेले, इंदूआजींच्या पिंपापर्यंत.

"काका, चला, उकलतंय!"

"श्श! दोन खेपा रवल्यात. पाणी जायत."

"रोज तुम्हीच भरता?"

"तिका सांगू नको हां. माणसाकडून घेवची नाय ती. आसरांकडून घेता."

मला भरून आलं आणि रागही आला. सहा वर्षं! मी त्यांच्या हातातल्या कळश्या हिसकावल्या आणि त्यांना घरात ढकललं.

दोन खेपांनी माझे खांदे भरून आले. शेवटची कळशी ओतून झाकण लावलं आणि खाली ठेवलेली वाटी उचलली, तर मागे पिंपाच्या आडोशाला तेलाची छोटी बाटली होती. तिच्यावर वहीचा कागद चिकटवलेला, थरथरत्या अक्षरांत: 'आसरांच्या गुडघ्यासाठी'.

मी काकांच्या घरात आले तेव्हा ते बरणीसमोर मांडी घालून बसले होते. चतुर पूर्ण बाहेर आला होता आणि पंख वाळवत होता. "बघितलंय गो," काका पुटपुटले. "सगळा बघितलंय. आता उडताना बघूचा." डोळ्यांना धार लागलेली.

मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

काकांनी चष्मा पुसला आणि लेबल वाचलं. मग पुन्हा वाचलं. बाटली हातात धरून ते गॅलरीत आले आणि टोकाच्या त्या बंद दाराकडे बघत राहिले. चतुर कधी उडाला, ते त्यांना त्या दिवशीही दिसलं नाही.